मूल एक, खाती अनेक

पहाटे साडेपाच

आज मुलांशी संबंधित अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस आणि तो मुळगावात. आधीचे दिवस पणजीच्या बाजूला, बंद सभागृहात, कायद्याच्या कलमांबरोबर गेले. शेवटचा दिवस गावात घ्यायचा, असा माझा आग्रह असतो. मूल ज्या घरातून, ज्या शाळेतून, ज्या रस्त्यावरून कचेरीत येतं, ते अधिकाऱ्यांनी एकदा तरी पायी चालून पाहावं म्हणून.

घर अजून झोपलेलं आहे. मी सहा पाकिटं भरते आहे. सहाही पाकिटांत एकाच मुलाची माहिती आहे, पण कुठल्याही एका पाकिटात ते मूल पुरतं सापडत नाही. प्रकरण कल्पित आहे. पंधरा वर्षांचा मुलगा, डिचोलीच्या बाजारात रात्री साडेदहाला दुसऱ्याच्या मोबाइलसह पकडलेला. पहिलं पाकीट पोलिसांचं, दुसरं शाळेचं, तिसरं अंगणवाडी सेविकेचं, चौथं पंचायतीचं, पाचवं बाल कल्याण समितीचं. सहावं त्या मुलाचं स्वतःचं. ते चिकटवून बंद करते. मुलाला कुणी काही विचारलं, तरच ते उघडायचं.

सकाळी सात

पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो. पाहुण्यांच्या न्याहारीसाठी आज उंडे जास्त सांगितले आहेत. पातळभाजी शेजारच्या वहिनींकडून येणार आहे.

आमचा गाव केळबाय देवीचा, शेतीचा आणि खाणीचाही. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. मध्ये काही काळ काम चाललं. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिचोलीच्या खाण गटात २०२४ मध्ये काम परत सुरू झालं. या आकड्यांचा बाल कल्याणाशी काय संबंध, असं प्रशिक्षणार्थी पहिल्या दिवशी विचारतात. ट्रक उभा राहिला की चालकाच्या घरचा पगार थांबतो, बाप कामासाठी बाहेर जातो आणि थोरला मुलगा शाळेऐवजी कुणाच्या तरी गाड्यावर कपबशा विसळू लागतो. पुढे कधीतरी तो पोलीस ठाण्यात दिसतो, आणि तेव्हा आपण त्याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. मधली वर्षं कुठल्याच कागदावर नसतात.

सकाळी साडेआठ

मंडळी येऊ लागतात. डिचोली आणि पेडण्याकडचे बाल कल्याण पोलीस अधिकारी, बालगृहाच्या अधीक्षक, परिवीक्षा अधिकारी, बाल कल्याण समितीचे सदस्य, बाल न्याय मंडळावरच्या समाजकार्यकर्त्या, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली माणसं, दोन मुख्याध्यापक आणि गावचे पंच. आपापल्या ठिकाणी यांचाच शब्द चालतो. हाताखालचा शिपाई मुलाशी कसा वागेल, हे साहेब कसे वागतात यावर ठरतं. म्हणून प्रशिक्षण आधी प्रमुखांचं.

पोलिसांना साध्या कपड्यांत यायला सांगितलं होतं. मुलांशी बोलताना गणवेश नको, असं २०१६ चे आदर्श नियमच सांगतात. खुर्च्या गोलात मांडल्या आहेत. पेडण्याकडचे एक उपनिरीक्षक सवयीने भिंतीजवळची, दाराकडे तोंड असलेली खुर्ची निवडतात. त्यांच्या शेजारी मी मुद्दाम अधीक्षकबाईंना बसवते. एकाच्या ताब्यातून मूल दुसरीच्या ताब्यात जातं, पण दोघांनी एकमेकांचा चेहरा या आठवड्यातच प्रथम पाहिला आहे.

सकाळी नऊ

पहिलं सत्र पहिल्या तासाचं. मूल ताब्यात आल्यापासूनचा तो तास.

कायदा सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यायचं. आईवडिलांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा आणि तो किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा हवा. कुणाला काही विचारायची गरज पडत नाही.

मग मी सांगते, आता करून दाखवा. परिवीक्षा अधिकारी मुलगा होतात आणि मान खाली घालून स्टुलावर बसतात. उपनिरीक्षक समोर उभे राहतात. पहिला प्रश्न येतो, "का केलंस हे?" मुलगा गप्प. दुसरा प्रश्न, "कोणी शिकवलं तुला?" मुलगा गप्प. आवाज थोडा चढतो. कुणी शिवी दिलेली नाही, हात उगारलेला नाही, सगळं नियमात आहे. तरी पाच मिनिटांत एक शब्दही बाहेर आलेला नाही.

मी थांबवते आणि मुलगा झालेल्या अधिकाऱ्यांना विचारते, काय वाटलं? ते म्हणतात, "मॅडम, मला फक्त यांचा पट्टा दिसत होता. मान वर करायची हिंमतच झाली नाही."

पुन्हा सुरुवात. या वेळी उपनिरीक्षक दुसरं स्टूल ओढून समोर बसतात. डोळे एका पातळीवर आले. जरा वेळ काहीच बोलत नाहीत. मग पाण्याचा पेला पुढे करतात आणि घरच्या कोकणीत विचारतात, "जेवलो रे तूं?" परिवीक्षा अधिकारी पस्तीस वर्षांची नोकरी झालेले गृहस्थ आहेत. ते नकळत मान हलवून "ना" म्हणतात. संवाद सुरू झाला.

हे सौजन्याचे धडे नव्हेत. कायद्याच्या तिसऱ्या कलमात सोळा तत्त्वं दिली आहेत. मूल निर्दोष आहे असं गृहीत धरा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या, त्याची प्रतिष्ठा राखा, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय माना. उभ्याने विचारलेल्या प्रश्नात यातलं एकही तत्त्व पाळलं जात नाही. स्टूल ओढून बसण्याला निधी लागत नाही, वरून परिपत्रक यावं लागत नाही.

सकाळी अकरा

आता पाकिटं. पाच गट, प्रत्येकाला एक. पण खात्यांची अदलाबदल केली आहे. पोलिसांकडे शाळेचं पाकीट, मुख्याध्यापकांकडे समितीचं, पंचांकडे पोलिसांचं.

पोलिसांच्या पाकिटात एका खानावळ मालकाची तक्रार आहे, माझा मोबाइल चोरला. शाळेच्या पाकिटात हजेरीचा उतारा आहे, आठवीत असताना जूनपासून गैरहजर, शेरा 'गणितात हुशार'. अंगणवाडी सेविकेच्या वहीत नोंद आहे, आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी बहीण वजनाला कमी. पंचायतीला ठाऊक आहे की बाप ट्रकचालक होता आणि आता कामासाठी बाहेर असतो. बाल कल्याण समितीच्या कागदात मागच्या वर्षीची नोंद आहे, भाऊबहीण म्हापशाच्या बाजारात रात्री सापडले, घरी पाठवले. पाठपुराव्याचा रकाना कोरा.

सुरुवातीला प्रत्येक गट आपल्या पाकिटावरून निर्णय देतो. पंच म्हणतात, निरीक्षणगृहात पाठवा. मुख्याध्यापक म्हणतात, घरी सोडा. मी काही बोलत नाही. पंधरा मिनिटांनी समितीच्या एक सदस्या उठून शाळेच्या गटाकडे जातात. मग हळूहळू सगळेच उठतात आणि पाचही पाकिटं एका टेबलावर येतात.

सहावं अजून माझ्या हातात. बराच वेळ कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. शेवटी डिचोलीचे अधिकारीच विचारतात, "आणि पोरगा काय म्हणतो?" मी पाकीट फोडून वाचून दाखवते. 'मी त्या खानावळीत चार महिने काम केलं. मालकाने एकदाच पैसे दिले. मागितले की हाकलायचा. आईच्या औषधाला हवे होते म्हणून मी त्याचा फोन उचलला.'

खोलीतला सूर पालटतो. कायद्याचं ७९ वं कलम काढलं जातं. कामावर ठेवलेल्या मुलाची कमाई दाबून ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे. म्हणजे फिर्याद घेऊन आलेला माणूस स्वतःच मोठ्या गुन्ह्यातला आरोपी ठरू शकतो. मुलाची चोरी मात्र किरकोळ गुन्ह्यात मोडते, कारण तिला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. अशा प्रकरणात नियमांप्रमाणे एफआयआरही नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या रोजनिशीत नोंद करून, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरून मंडळाकडे पाठवायचा. आणि मुलाला काळजी व संरक्षणाची गरज आहे असं दिसलं, तर आठव्या कलमाखाली मंडळाने प्रकरण समितीकडे द्यायचं.

बाल न्याय मंडळ वेगळं आणि बाल कल्याण समिती वेगळी, ही विभागणी कायद्याच्या सोयीसाठी आहे. या मुलाला ती ठाऊक नाही. मागच्या वर्षी तो समितीपुढे 'गरजू' होता, यंदा मंडळापुढे 'संघर्षग्रस्त' झाला. तो कोरा रकाना भरला गेला असता, तर तो ठाण्यात आलाच नसता.

दुपारी एक

उकड्या तांदळाचा भात, खतखतं, सोलकढी. जेवताना खरी कामं होतात. पेडण्याच्या बाजूचं दुखणं वेगळं आहे. किनाऱ्यावर माळा विकणारी मुलं, मोपाच्या विमानतळामुळे वाढलेली बांधकामं, आणि पत्रादेवीपलीकडे लगेच महाराष्ट्र. मूल सिंधुदुर्गातलं असेल तर तिकडच्या समितीशी बोलावं लागतं. दोन अधिकारी हात धुता धुता एकमेकांचे नंबर घेतात.

दुपारी दोन

हे सत्र संस्थाप्रमुखांचं. मी १९९१ पासून सुरुवात करते. त्या वर्षी मडगाव भागात फ्रेडी पीट याने चालवलेल्या अनाथालयातल्या मुलांवरचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मुलं त्या घरात वर्षानुवर्षं राहत होती, आणि समाजात तो माणूस अनाथांचा आधार म्हणून वावरत होता. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला आणि त्यातून पणजीला स्वतंत्र बाल न्यायालय आलं.

त्या प्रकरणाचा धडा बालगृह चालवणाऱ्या प्रत्येकाने मनाशी ठेवावा. चांगला माणूस प्रमुख आहे, एवढ्यावर मुलं सुरक्षित होत नाहीत. म्हणून संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा यायचं, आणि तिच्यात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी हवा. या भेटीकडे संशय म्हणून पाहू नका, असं मी अधीक्षकांना सांगते. ते तुमचंही संरक्षण आहे.

मग सूचनापेटीचा प्रश्न. प्रत्येकीच्या संस्थेत पेटी आहे. मी विचारते, कुठे आहे? एक म्हणतात, माझ्या कार्यालयाच्या दाराशी. किल्ली कुणाकडे? माझ्याच कपाटात. नियम नेमका उलट आहे. पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे हवी. पेटी दर आठवड्याला उघडायची आणि तेव्हा मुलांच्या समितीचे सदस्य समोर हवेत. अधीक्षकांविरुद्धची चिठ्ठी अधीक्षकांच्या दाराशी कोण टाकेल? त्या बाई लगेच मोबाइल काढून संस्थेत फोन लावतात आणि पेटी कुठे हलवायची ते सांगतात. पाच दिवसांच्या व्याख्यानांपेक्षा त्या एका फोनचं मोल मला जास्त वाटतं.

दुपारी साडेतीन

गावात फेरी. निघण्यापूर्वी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत. मुलांचे फोटो नाहीत, वर्तमानपत्राला बातमी नाही. कायद्याचं ७४ वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि सवय लागायची तर ती इथूनच लागते.

शाळेतून आम्ही अंगणवाडीत जातो, तिथून बाहेरगावच्या मजुरांच्या खोल्यांकडे. कानडी, हिंदी, उडिया, तीन भाषा एका ओळीत. दुभाष्या ऐन वेळी शोधून मिळत नाही, त्याची यादी ठाण्यात आधीच हवी, हे तिथे उभं राहिल्यावर कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

मग गावातल्या मुलांशी बैठक. गोव्याच्या बाल कायद्याने पंचायत पातळीवर ग्राम बाल समितीची सोय केली आहे. ती कागदावर राहते की काम करते, हे पंचांवर अवलंबून असतं. आज अधिकाऱ्यांनी फक्त ऐकायचं, असं ठरलं आहे. नववीतली एक मुलगी सांगते की शिकवणीहून परतताना थांब्याजवळ अंधार असतो आणि तिथे दारू प्यायलेली माणसं बसतात. एक मुलगा सांगतो की वर्गातले दोघे आता कामाला जातात, 'कुठे ते सांगू नको म्हणालेत.' कुणी त्याला नाव विचारत नाही. मुख्याध्यापक वहीत काहीतरी टिपतात.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेचा विषय मुलांनीच काढला. गर्दीत धाकटा भाऊ हरवला तर कुणाकडे जायचं? मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की ताबडतोब एफआयआर घ्यायचा, 'उद्यापर्यंत वाट पाहा' म्हणायचं नाही, हे अधिकाऱ्यांनी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. जत्रेत मुलांसाठी वेगळा मदत कक्ष हवा, ही सूचना मुलांची.

सायंकाळी पाच

शेवटचं सत्र. प्रमाणपत्रांआधी प्रत्येकाने एक काम लिहून द्यायचं, तारखेसह. 'मुलांबद्दल संवेदनशील राहीन' असं लिहिलं तर कागद परत जातो. 'ठाण्यात मुलांशी बोलायला वेगळी खोली, अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलं तर ठेवून घेते.

अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात असंच प्रशिक्षण चालतं. एका भागातले बाल न्यायाचे आणि बाल कल्याणाचे प्रमुख तिथे एकत्र येतात आणि परतल्यावर आपल्या भागात एक ठोस बदल घडवण्याची आखणी घेऊन जातात. दोन्ही व्यवस्थांमध्ये ये-जा करणारी मुलं हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय आहे. आपल्याला ती कल्पना परकी नाही. आमच्या टेबलावर सकाळी तेच मूल होतं.

प्रशिक्षणाची जबाबदारी आपल्या कायद्यानेही घातली आहे. मंडळाच्या सदस्यांना, प्रमुख दंडाधिकाऱ्यांसकट, नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण मिळालं पाहिजे. संपूर्णा बेहुरा प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिकाम्या जागा भरा, प्रशिक्षणाकडे गांभीर्याने पाहा, असं राज्यांना बजावलं. तरी एक छिद्र उरतंच. अधिकाऱ्याला शिकवावं आणि त्याची बदली व्हावी. म्हणून मी शेवटचा अर्धा तास हस्तांतराच्या वहीवर घालवते. ठाण्यात एक वही. तीत चालू प्रकरणं, दुभाष्यांची नावं, डॉक्टर, समितीचे आणि मंडळाचे फोन. खुर्ची सोडताना ही वही नव्या माणसाच्या हाती द्यायची आणि दोघांनी सह्या करायच्या. त्या सह्यांमुळे शिक्षण माणसाबरोबर बदलून जात नाही, खुर्चीशी राहतं.

रात्री आठ

घरी पोचते तोच जुन्या प्रशिक्षणातल्या एका अधिकाऱ्याचा फोन. मुलगा आपण सतरा वर्षांचा आहे म्हणतो, दिसतो वीसचा. हाडांच्या तपासणीला पाठवू का? मी सांगते, ९४ वं कलम काढा. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तोवर त्याला मूल समजूनच वागवा. पलीकडून उत्तर येतं, "त्याला वेगळ्या खोलीत बसवलाय, ताई. जेवण मागवलंय. शाळेच्या मास्तरांना फोन लावतो."

रात्री साडेनऊ

अहवालात उपस्थिती, सत्रं, अभिप्राय लिहायचे असतात. मी त्यात तीन महिन्यांनंतरच्या भेटीची तारीखही घालते. त्या दिवशी ठाण्यात जाऊन खोली पाहायची, बालगृहात जाऊन पेटी पाहायची, समितीच्या वहीत पाठपुराव्याचा रकाना पाहायचा. प्रशिक्षणाचं खरं प्रमाणपत्र तेव्हा मिळतं.

खाती वेगळी राहणारच. पण एका तालुक्यातले पोलीस, शाळा, पंचायत, समिती आणि मंडळ वर्षातून दोनदा तरी एका टेबलाशी बसले, तर मुळगावासारख्या गावातलं मूल त्यांच्यामधल्या फटीत पडणार नाही, हे मी अनुभवाने सांगते. आपण वाचक यात बाहेरचे नाही. आपल्या पोलीस ठाण्याचे बाल कल्याण अधिकारी कोण, हे उद्या जाऊन विचारा. ग्राम बाल समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे सरपंचांना विचारा. खानावळीत कपबशा विसळणारं पोर दिसलं, तर १०९८ हा क्रमांक फिरवा. तेवढा एक फोन वेळेवर झाला, तर पुढचे कितीतरी कागद लिहावे लागत नाहीत.